हा विषय येथला नव्हे

सभेत कोणी बोलावयास उभे राहावे आणि अध्यक्षांनी ‘हा विषय येथला नव्हे’ असे म्हणून त्यास खाली बसवावे, हा प्रकार आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. धर्मग्रामाच्या बैठकीपासून विधिमंडळापर्यंत हे वाक्य नित्य उच्चारले जाते. ते ऐकून बहुतेकांना हायसे वाटते. जो खाली बसतो त्याच्या मनात मात्र सल राहतो. आपण नियम मोडला म्हणून आपणांस थांबविले, की आपले म्हणणे गैरसोयीचे होते म्हणून, हे त्याला नीटसे कळत नाही. या एका वाक्यात न्याय किती आणि अन्याय किती, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. त्यासाठी आम्ही घेणार आहोत ते उदाहरण काही वाचकांना दूरचे वाटेल. ते आहे संगणकाच्या आज्ञावली आणि संदेशवहनाचे नियम रचणाऱ्या लोकांचे. पण आपल्या कितीतरी घरांतील मुलेमुली आज याच व्यवसायात आहेत, आणि त्यांच्या कामाचे स्वरूप घरातील वडीलधाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

इंटरनेटवरील एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी कोणत्या नियमाने बोलेल हे ठरविणारी एक मंडळी आहे. तिचे नाव इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील सान डिएगो येथे तिची पहिली बैठक झाली, तेव्हा अवघे २१ जण हजर होते. आजही या संस्थेला रीतसर सभासद असे नाहीत. जो येईल तो येईल, आणि येईल तो स्वतःच्या नावाने. आपल्या कंपनीचा वा सरकारचा प्रतिनिधी म्हणून नव्हे. तेथे मतदान होत नाही. सभेचा कल पाहावयाचा असेल तर अध्यक्ष लोकांना गुणगुणावयास सांगतात आणि आवाजाच्या जोरावरून अंदाज घेतात. हे ऐकून हसू येईल. परंतु त्यामागे विचार आहे. हात मोजले की बहुमत आणि अल्पमत असे दोन तट पडतात आणि चर्चा तेथेच संपते. गुणगुणण्यातून एवढेच कळते की अजून कोणाचा तरी आक्षेप शिल्लक आहे, आणि मग तो आक्षेप काय आहे ते विचारावे लागते. २०१४ साली या मंडळीने आपल्या या पद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केले. प्रत्येक आक्षेप मान्य झालाच पाहिजे असे नाही, पण प्रत्येकाचा विचार मात्र झालाच पाहिजे, असा त्याचा मथितार्थ आहे. हे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज लागेल.

जेथे दार सर्वांना उघडे आणि मतदान नाही, तेथे विषयाला धरून बोलण्याचा नियम फार मोलाचा ठरतो. तो नसेल तर काय होते याचे एक प्रसिद्ध उदाहरण याच व्यवसायातले आहे. ‘फ्रीबीएसडी’ नावाची एक संगणकप्रणाली जगभरचे स्वयंसेवक मिळून घडवितात. तीत ‘स्लीप’ नावाची एक अगदी लहानशी आज्ञा आहे. संगणकाने अमुक इतके सेकंद स्वस्थ बसावे, एवढेच तिचे काम. सेकंदाचे अपूर्णांकही तिला कळावेत अशी सुधारणा १९९९ साली कोणी सुचविली, आणि त्या चिमुकल्या सूचनेवर पत्रांचा पाऊस पडला. प्रणालीच्या खऱ्या अवघड भागांवर चार जाणकार मुकाट्याने काम करीत होते. येथे मात्र प्रत्येकास मत होते. तेव्हा पॉल-हेनिंग काम्प या डॅनिश कार्यकर्त्याने एक दीर्घ पत्र लिहून आपल्या सहकाऱ्यांस पार्किन्सनची आठवण करून दिली. पार्किन्सनने १९५७ साली लिहिले होते की अणुभट्टीचा प्रचंड खर्च समिती काही मिनिटांत मंजूर करते, कारण तो विषय कोणालाच समजत नाही. आणि सायकली ठेवण्याच्या शेडवर मात्र तावातावाने वाद घालते, कारण शेड कशी असावी हे प्रत्येकास कळते. तेव्हापासून क्षुल्लक गोष्टीवर चालणाऱ्या वादाला या व्यवसायात सायकलशेडीचेच नाव पडले आहे. आमच्या वाचकांपैकी जे पॅरिश कौन्सिलवर आहेत त्यांना याचे अधिक स्पष्टीकरण नको. देवळाच्या छपराचा लाखोंचा हिशेब पाच मिनिटांत संमत होतो आणि सणाच्या मंडपाला झालर कोणत्या रंगाची, यावर रात्रीचे दहा वाजतात.

अशा वेळी ‘विषयावर या’ म्हणणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. शेकडो लोकांपुढे बोलणारा मनुष्य त्या शेकडो लोकांचा वेळ घेत असतो, आणि हे लोक बहुधा दिवसभराची नोकरी करून रात्री हे काम करणारे असतात. त्यांचे अवधान ही एक सामायिक ठेव आहे; गावच्या विहिरीच्या पाण्यासारखी. ज्याने ती उधळली त्याने कोणाच्या खिशातले काही काढले नाही हे खरे, तरी घेतले ते परत देता येत नाही. शिवाय विषयांतराचा सर्वांत मोठा फटका बसतो तो कमी बोलणाऱ्यांना. ज्याचा आवाज मोठा, ज्याला रिकामा वेळ अधिक, तो टिकून राहतो. ज्याला खरे काही सांगावयाचे असते तो कंटाळून निघून जातो. म्हणजे शिस्त नसलेली सभा मोकळी असते हा समज चुकीचा आहे. ती दांडग्यांची असते.

प्रभू येशूच्या जीवनातही विषय नाकारल्याचा एक प्रसंग आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, गर्दीतून एक मनुष्य ओरडून सांगतो की, गुरुजी, माझ्या भावाला वडिलोपार्जित मालमत्तेची वाटणी करावयास सांगा. त्या मनुष्याची मागणी कदाचित न्याय्यही असेल. वाटणीचे दुःख काय असते हे वाडीवस्तीच्या जमिनींचे तंटे पाहिलेल्या आपल्या लोकांना सांगावयास नको. तरीही येशू तो तंटा हाती घेत नाही. आपणांस वाटण्या करणारा न्यायाधीश कोणी नेमले, असे तो विचारतो. पण तेथेच तो थांबत नाही. त्या प्रश्नामागे असलेला लोभ तो उचलतो आणि कोठारे वाढविणाऱ्या मूर्ख धनवानाचा दाखला सांगतो. मनुष्याला त्याने खाली बसविले. त्याच्या मनातला विषय मात्र सभेपुढे ठेवला. अध्यक्षपदी बसणाऱ्यांनी ही रीत निरखून पाहावी.

आता दुसरी बाजू. संत मार्कच्या पाचव्या अध्यायात येशू याईरच्या घरी निघालेला आहे. याईरची मुलगी मरणाच्या दारी आहे. एकेका क्षणाचे मोल आहे. याहून निकडीचा आणि स्पष्ट विषय कोणता असू शकेल? आणि वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री गर्दीतून मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. येशू थांबतो, कोण शिवले म्हणून विचारतो. शिष्यांचे उत्तर मोठे व्यवहारी आहे: एवढी गर्दी लोटत असता कोण शिवले म्हणून काय विचारता? त्यांच्या दृष्टीने ती स्त्री हे विषयांतर होते. येशू तरीही उभा राहतो, आणि ती आपली सगळी हकीकत सांगते. तेवढ्यात याईरची मुलगी वारल्याचा निरोप येतो. थांबण्याची किंमत पडली, हे शुभवर्तमानकार लपवीत नाही. याईरच्या जागी स्वतःला ठेवून हा अध्याय वाचला, तर विषयाला धरून राहण्याचा आग्रह किती खरा आणि किती माणुसकीचा असू शकतो तेही कळते.

या दोन प्रसंगांत फरक कोठे पडतो? वाटणी मागणाऱ्याला दुसरे न्यायालय उपलब्ध होते. त्या स्त्रीला नव्हते. वैद्यांवर तिचे सर्वस्व खर्च झाले होते, आणि तिच्या आजारामुळे नियमशास्त्राने तिला अशुद्ध ठरविले होते. ‘येथला विषय नव्हे’ हे तिला प्रत्येक ठिकाणी ऐकावे लागले असणार. तेव्हा आमच्या मते हे वाक्य उच्चारणाऱ्याने स्वतःस एक प्रश्न विचारला पाहिजे: येथला नव्हे, तर कोठला? त्याचे उत्तर देता येत असेल तर ते शिस्तीचे वाक्य आहे. उत्तर नसेल तर ती हकालपट्टी आहे.

संगणकाच्या जगातही हा फरक नेहमी पाळला गेला असे नाही. लिनक्स या प्रणालीचा गाभा लिहिणाऱ्या समुदायात वर्षानुवर्षे एक विचित्र स्थिती होती. पाठविलेल्या कामात चूक असेल तर पाठविणाऱ्याला वाटेल तसे टाकून बोलणे चालत असे, कारण ते ‘कामासंबंधी’ असे. या बोलण्याने मने दुखावतात अशी तक्रार कोणी केली की तीच विषयाबाहेरची ठरे. म्हणजे शिवी विषयात, आणि शिवीविरुद्धची तक्रार विषयाबाहेर! काही चांगले कारागीर यामुळे ते काम सोडून गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द लिनस टोरव्हाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर क्षमा मागितली, काही आठवडे काम सोडून ते बाजूला झाले, आणि समुदायाने नवी आचारसंहिता स्वीकारली. त्या आचारसंहितेवरही पुष्कळ वाद झाला आणि तो येथे सांगण्यात अर्थ नाही. विषयाची सीमा कोण आखतो यावर सर्व अवलंबून असते, एवढेच त्यातून घ्यावयाचे.

याहून कितीतरी गंभीर प्रसंग पूर्वोक्त इंटरनेट मंडळीवर आला होता, आणि खरे तर त्यासाठीच आम्ही हा लेख लिहावयास घेतला. अमेरिकेत १९९४ साली असा कायदा झाला की दूरध्वनी कंपन्यांनी आपल्या यंत्रणा पोलिसांना संभाषण ऐकता येईल अशा रीतीने बांधाव्यात. पुढे दूरध्वनीच इंटरनेटवरून जाऊ लागला. तेव्हा १९९९ साली प्रश्न उभा राहिला: आपण जे नियम रचतो त्यांतच चोरून ऐकण्याची सोय ठेवावी काय? हा प्रश्न तांत्रिक की नैतिक? कोणी म्हणाले, आपण अभियंते, कायद्याने मागितले ते करून द्यावे. कोणी म्हणाले, माणसाचे खाजगी बोलणे चोरून ऐकणे हेच मुळात पाप आहे. आणखी कोणी म्हणाले, गुन्हेगार पकडावयाचे तर सुसंस्कृत समाजाला हे करावेच लागते. प्रत्येक जण आपापल्या परीने विषयाला धरूनच बोलत होता.

मंडळीने काय केले ते पाहण्यासारखे आहे. चालू कामांच्या चर्चेत हा वाद मिसळून सर्वच नासू नये म्हणून तिने त्याच्यासाठी एक वेगळी पत्रसभा उघडली. ज्याला बोलावयाचे त्याने तेथे यावे. नंतर नोव्हेंबर १९९९ मध्ये वॉशिंग्टन येथे सर्वांच्या एकत्र सभेत तो विषय उघडपणे चर्चिला गेला. मे २००० मध्ये निर्णय प्रसिद्ध झाला: चोरून ऐकण्याच्या सोयीची मागणी आम्ही आमच्या मानकांत विचारात घेणार नाही. कारणे दिली ती अशी, की एकेका देशाच्या कायद्याच्या गरजा भागविण्याची ही जागा नव्हे. आणि अशी सोय ठेवली की रचना गुंतागुंतीची होते, गुंतागुंत वाढली की सुरक्षा ढासळते. आणि चोरून ऐकणे नैतिक की अनैतिक? यावर आम्ही भूमिका घेत नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. एक तर आमच्यात एकमत नाही. दुसरे असे, की तारेतून जाणाऱ्या संदेशावरून कृत्याची नीतिमत्ता ओळखण्याचे साधन नाही. तरीही जाता जाता त्यांनी अनुभवाच्या चार गोष्टी नोंदविल्या. एका हेतूने केलेले हत्यार दुसऱ्या कामी उपयोगी पडत असेल तर कर्त्याच्या मनात काहीही असो, ते त्या कामी वापरले जातेच, ही त्यांतली एक. आणि व्यवस्थेत फट असली की आज ना उद्या तिचा फायदा कोणीतरी घेतोच, ही दुसरी.

या निर्णयाकडे पाहताना आम्हांस प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय आठवतो. यरुशलेमच्या आद्य मंडळीत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. बारा प्रेषितांनी सांगितले की देववचन सोडून पंगतीची व्यवस्था पाहणे आम्हांस योग्य नाही. वरवर पाहता हे ‘आमचा विषय नव्हे’ असेच उत्तर झाले. पण त्याच श्वासात त्यांनी सात माणसे निवडावयास सांगितली, त्यांच्यावर हात ठेवले आणि ते काम त्यांच्याकडे सोपविले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत! ज्यांची तक्रार, त्यांच्यातलेच कारभारी. आणि एक मौजेची गोष्ट अशी, की ज्यांना पंगतीसाठी नेमले त्यांतला स्तेफन पुढे सभेत उभा राहून उपदेश करतो आणि फिलिप रस्त्यात रथावर चढून शुभवर्तमान सांगतो. आखलेली सीमा पवित्र आत्म्याने फारशी मानलेली दिसत नाही.

मंडळीच्या अनुभवाच्या त्या गोष्टी खऱ्या ठरावयास फार दिवस लागले नाहीत. ग्रीसमधील एका मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत कायदेशीर टॅपिंगची क्षमता आज्ञावलीतच होती. २००४ साली, ऑलिंपिकच्या सुमारास, अज्ञातांनी तिच्यात शिरून ती क्षमता जागी केली आणि पंतप्रधानांसह सुमारे शंभर व्यक्तींचे दूरध्वनी अनेक महिने ऐकले. मार्च २००५ मध्ये ते उघडकीस आले आणि फेब्रुवारी २००६ मध्ये जगाला कळले. पोलिसांसाठी ठेवलेल्या दारातून चोर आत गेला. त्यानंतर जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकन सरकारची कागदपत्रे बाहेर आणली आणि साऱ्या जगाच्या संभाषणावर केवढी पाळत आहे ते दिसले. नोव्हेंबर २०१३ मध्ये व्हँकूव्हर येथे मंडळी जमली, पुन्हा तोच विषय निघाला, आणि मे २०१४ मध्ये तिने जाहीर केले की अशी सरसकट पाळत हा तांत्रिक अर्थाने हल्ला आहे आणि यापुढे नियम रचताना त्याला तोंड देण्याचा विचार करावा. पाळत ठेवणाऱ्याचा हेतू काय, यात तिने शिरण्याचे नाकारले. हल्लेखोर दुष्ट असो वा सज्जन, पडणारी फट तीच.

काही वाचकांना हे पळवाट वाटेल. माणसाच्या खाजगीपणाचा हक्क दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात मानवी हक्कांच्या यादीत उघडपणे नोंदविला. मग या मंडळीने नीतीचे नाव घेण्याचे का टाळावे? आम्हांस तसे वाटत नाही. नीतीवर ते बोलले असते तर ते शंभर मतांपैकी एक झाले असते. त्यांनी आपल्या कामाच्या भाषेत जे सांगितले ते कोणी मोडून काढू शकले नाही. जो आपल्या विषयात खोल उतरतो त्याला तेथेच नीतीचा झरा लागतो, हे या उदाहरणात दिसते. आणि विषयाची मर्यादा पाळल्यानेच तो लागला. संत इग्नेशियस यांनी १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेला गेलेल्या आपल्या सहकाऱ्यांना सूचना दिल्या. त्यांत बोलण्याची घाई करू नका, समोरच्याचे मन कळेपर्यंत ऐका आणि दोन्ही बाजूंची कारणे मांडा, असे सांगितले आहे. धर्मशास्त्राच्या सभेला दिलेला हा सल्ला संगणकाच्या सभेसही लागू पडावा, यात आम्हांस नवल वाटत नाही.

याच मंडळीने नोव्हेंबर २००० मध्ये आपल्या सर्वसाधारण चर्चेसाठी नियम लिहून काढले. विषयाशी असंबद्ध पत्रे आणि असभ्य शेरे चालणार नाहीत, असे त्यांत आहे. ते राखण्यासाठी एक द्वारपाल नेमावा. पण त्यानेही एकाच पत्रावरून कोणास दोषी ठरवू नये, त्या व्यक्तीचे एकूण लेखन पाहावे, एकदाच घडलेली चूक आणि नेहमीची खोड यांत भेद करावा. आणि त्याचा निर्णय अन्यायाचा वाटला तर वरिष्ठ मंडळाकडे दाद मागण्याची सोय असावी. आमच्या कितीतरी समित्यांच्या घटनेत हे शेवटचे कलम नसते.

तरीही एक गोष्ट आम्हांस बोचते. मंडळीचे दार सर्वांना उघडे आहे हे खरे, परंतु आत शिरल्यावर बोलावयाची भाषा इंग्रजी, आणि त्याहूनही अधिक अभियंत्यांची. अथेन्समध्ये ज्यांचे बोलणे चोरून ऐकले गेले त्यांतला एकही जण १९९९ सालच्या त्या चर्चेत असण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. त्यांचा आक्षेप मांडला तो दुसऱ्यांनी, आणि त्यांनी तो चांगला मांडला, हे त्यांचे भाग्य. ज्यांचा आक्षेप मांडावयास तेथे कोणीच नसते, त्यांच्यासाठी वेगळी पत्रसभा उघडण्याचे कोणास सुचणार?